उंचीवरच्या रुग्णालयात सेवेला जाताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेपाळच्या डोंगरी रुग्णालयांत महिनाभर सेवा द्यावी, असे आपल्याकडच्या अनेक डॉक्टर-परिचारिकांना मनापासून वाटते. जाताना औषधांची खोकी नीट भरली जातात, उंचीचा विचार मात्र राहून जातो.

एव्हरेस्टच्या वाटेवरचे खुंदे रुग्णालय घ्या. एडमंड हिलरींच्या हिमालयन ट्रस्टने १९६६ मध्ये उभारलेले हे रुग्णालय सुमारे ३,८४० मीटरवर आहे. तिथे पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळते. अवजारे निर्जंतुक करायला नुसती उकळणे खाली सपाटीवरही पुरेसे नसते. तिथे तर त्यावर मुळीच विसंबू नये. ऑटोक्लेव्हचा (दाबाखालच्या वाफेने अवजारे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा) दाबमापक काटा सपाटीवर १५ पौंडांवर (दर चौरस इंचाला) गेला की आत निर्जंतुकीकरणाला लागणारे १२१ अंश असतात. पण काटा दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. बाहेरची हवाच विरळ, म्हणून त्याच १५ पौंडांना खुंद्यात जेमतेम ११५ अंश भरतात. १२१ गाठायला २० ते २१ पौंड लागतात, आणि १५ पौंडांनाच झडप उघडणारे यंत्र तिथवर जातच नाही. झडपेवर वजन वाढवण्याचा उद्योग कुणीही करू नये, भांडे फुटेल. यंत्र भेट देण्याआधी त्याची दाबमर्यादा पाहावी आणि तापमापक असलेलेच घ्यावे. प्रत्येक खेपेला अवजारांच्या गठ्ठ्याच्या मध्यभागी निर्देशक पट्टी (आत पुरेशी वाफ व उष्णता पोहोचली की रंग बदलणारी) ठेवावी; बाहेरच्या टेपचा रंग बदलला म्हणजे आतले निर्जंतुक झाले असे नाही.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्राच्या) माहितीपत्रकातही उंचीची मर्यादा दिलेली असते. ती ओलांडली की यंत्र चालू दिसते, पण ऑक्सिजनची शुद्धता घसरते. ऑक्सिजन सिलिंडरचा रेग्युलेटर (दाब कमी करणारा जोड) नेणार असाल तर तिथल्या व्हॉल्व्हचा फोटो आधी मागवा. जोड बसला नाही तर तो निरुपयोगी. औषधांची मुदत पोहोचल्यावर किमान वर्षभर उरलेली असावी. इन्सुलिन गोठले की टाकूनच द्यावे लागते, त्यामुळे ते हमालाच्या पाठीवरच्या ओझ्यात देऊ नये.

स्वतःच्या तब्येतीचे वेळापत्रकही तितकेच काटेकोर हवे. या वाटेच्या सुरुवातीच्या लुक्ला गावी विमानाने उतरणे म्हणजे एकदम २,८०० मीटरच्या वर पोहोचणे. पुढे ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. वाटेतल्या नामचे गावी (३,४४० मीटर) दोन रात्री काढाव्यात. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा थकवा असेल तर वर चढू नये. सुट्टी कमी म्हणून हे दिवस कापणारा स्वयंसेवक तिथल्याच खाटेवर, तिथल्याच ऑक्सिजनवर पडतो.

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, म्हणून रुग्ण तपासायलाही परवानगी नको, हा समज चुकीचा आहे. परदेशी डॉक्टरला नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी घ्यावीच लागते. तिची कागदपत्रे रुग्णालयामार्फत, निघण्याच्या बरीच आधी पाठवावीत. आणि त्याच पत्रात बंद पडलेल्या यंत्रांची मॉडेल क्रमांकांसह यादी मागवावी. सुटे भाग घेऊन गेलेला बायोमेडिकल तंत्रज्ञ (रुग्णालयातली यंत्रे दुरुस्त करणारा) अशा ठिकाणी आणखी एका डॉक्टरपेक्षा जास्त उपयोगी पडू शकतो, पण त्याला बोलवायचे फारसे कुणाला सुचत नाही.

आपला,
एक वाचक