गांधार उतरवून दिल्याबद्दल

ती. स्व. काकूंस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही चहा ठेवायला उठता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. मॉड्युलर सिंथेसायझर (सुटे भाग केबलींनी जोडून आवाज घडवणारं यंत्र) घेऊन घरात एकटं बसणारं आणखी कुणी असेल, तर त्याच्याही कामी येईल.

इंदूरला रामबागेत तुमच्या वरच्या खोलीत मी राहायला आले तेव्हा माझ्याकडे युरोरॅकची, म्हणजे असे सुटे भाग बसवायची, एकच पेटी होती. सूर काढणारे तीन ऑसिलेटर, एक फिल्टर, सूर क्रमाने बदलणारा एक सिक्वेन्सर आणि केबलींचा गुंता. मला त्यातून लांबवर पसरत जाणारा, नकळत रंग बदलणारा कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा, नाद हवा होता. सिक्वेन्सर दर आठ सेकंदांनी तिन्ही सूर बदलायचा. कॉर्ड बरोबर असायची, तरी दर वेळी धक्का बसायचा. तो झाकायला मी वर्षभर रिव्हर्ब (घुमारा) वाढवत राहिले.

त्या दुपारी तुम्ही जिना चढून आलात, तेव्हा मला वाटलं, आवाजाची तक्रार असणार. तुम्ही दारातच उभ्या राहिलात, जरा वेळ ऐकलंत आणि म्हणालात, "गांधार चढाय तुझा." मी ट्यूनर दाखवला, हिरवा दिवा लागलेला होता. "दिवा राहू दे. खालून तंबोरा घेऊन ये."

काळी एकला तंबोरा लावून तुम्ही मला खर्जाच्या तारेजवळ कान न्यायला लावलात. त्या तारेतून वेगळा न छेडताही उमटणारा स्वयंभू गांधार मी तोवर ऐकलाच नव्हता. मग माझ्या ऑसिलेटरचा आवाज हळूच वाढवला. दोन गांधारांमध्ये सेकंदाला पाच-सहा ठोके पडत होते, फडफडल्यासारखे. "हलतोय ना? खाली घे. अजून. पुरे." फडफड थांबली आणि खोलीत जे काही झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. कॉर्ड एकदम बसली, मांडी घालून बसावी तशी.

रात्री मी हिशेब केला. या यंत्रात एक सप्तक म्हणजे 1 व्होल्ट. त्याचे बारा सारखे भाग केले की शुद्ध गांधार 333 मिलिव्होल्टवर येतो. तंबोऱ्यातला गांधार षड्जाच्या सव्वापट कंपनांचा, म्हणजे 322 मिलिव्होल्ट. फरक 11 मिलिव्होल्टचा, तो तुम्ही दारातून ओळखलात. धैवताचंही तसंच: 750 च्या जागी 737. सूर त्या बारा सारख्या भागांवर बसवणारा क्वांटायझर मी काढून टाकला. आता मल्टिमीटर लावून घुंडी जवळपास आणते, शेवटचे दोन-तीन मिलिव्होल्ट कानाने.

दुसरी गोष्ट तुम्ही जाता जाता बोललात. "तिघीही एकदम उठून का जातात गं? एक बसू दे की." षड्ज मी तेव्हापासून हलवलेला नाही. बाकीच्या दोन सुरांपैकी एका वेळी एकच सरकतो: सा-ग-प, मग सा-ग-ध, मग सा-म-ध. प्रत्येक सुराला स्वतःचा व्हीसीए (आवाज कमी-जास्त करणारा भाग) आणि स्वतःची संथ लहर दिली आहे, 31, 47 आणि 73 सेकंदांची. लहर तळाला गेली, सूर पूर्ण मिटला, की त्याच क्षणी त्याचा सिक्वेन्सर एक पाऊल टाकतो. सूर बदलतो तो नि:शब्दात, आणि परत येतो तेव्हा नवा होऊन येतो. कागदावर पाहिलं तर तिन्ही लहरी पुन्हा एकत्र सुरुवातीला यायला साडेएकोणतीस तास लागतात! मधूनच सा-म-प अशी चौथी जुळणी आपोआप उगवते. तिथे कान गांधाराची वाट पाहत थांबतो. मला सगळ्यात आवडते ती हीच जागा.

आपल्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा झूमरा तालातला विलंबित ख्याल तुम्ही मला ऐकायला लावलात, तोही याचसाठी ना? चार सुरांचे मेरुखंडात, म्हणजे सुरांचे क्रम पालटून मांडण्याच्या पद्धतीत, 24 क्रम होतात, पण खाँसाहेबांना एकाचीही घाई नाही. हे मला पूर्वी फक्त आकडेवारीसारखं माहीत होतं.

तुम्ही विचारलं होतं, असलं यंत्र आपल्याकडे आलं कधी. 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला होता, आणि संगीतकार गीता साराभाईंनी तिथे काम केलं होतं. त्या वेळी तिथे शेजारी तंबोरा लावून कुणी बसलं होतं का, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

काकू, वर्षभर मी मॉड्यूल विकत घेत होते. तुमच्यानंतर एकही घेतलेला नाही.

गुरुवारी संध्याकाळी वर याल ना? ऑसिलेटर तापून स्थिर व्हायला अर्धा तास लागतो, मी साडेपाचलाच सुरू करून ठेवीन. तंबोरा मी नेते. तुम्ही जिना सावकाश चढा.

तुमची,
वरच्या खोलीतली