माशांच्या प्रोबायोटिकच्या डब्यावर जिवाणूंची नावं छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदापूर तालुक्यात माझं अस्तराचं शेततळं आहे. त्यात पंगस आणि थोडी तिलापिया. खर्चातला निम्म्याहून मोठा वाटा तरंगत्या खाद्याचा, त्यामुळे त्या खाद्यात काय कालवतोय याची चौकशी करणं भागच पडतं. बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) सोडायचे दिवस आले की आमच्याकडच्या कृषी सेवा केंद्रांत प्रोबायोटिकचे, म्हणजे माशांना उपयोगी जिवंत जिवाणूंचे, डबे रांगेनं मांडलेले दिसतात. परवा एक डबा उलटापालटा करून वाचला. पुढे उडी मारणारा मासा आणि ठळक अक्षरांत ‘मल्टी स्ट्रेन’, म्हणजे अनेक वाणांचे जिवाणू. वाढ, प्रतिकारशक्ती, स्वच्छ पाणी, सगळं त्या एकाच डब्यात! मागे जिवाणूंची नावं नाहीत, एका ग्रॅममध्ये जिवंत किती तेही नाही, तारखेचा शिक्का पुसलेला. अख्खा उन्हाळा पत्र्याखाली काढलेला माल. दुकानदार म्हणाला, “सगळे नेतात, रिझल्ट आहे.”

नाव कशाला हवं? बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस हे जिवाणू बीजाणूच्या, म्हणजे कवचातल्या सुप्त रूपात राहतात, म्हणून ऊन-धग बऱ्यापैकी सोसतात. विरजणातल्या लॅक्टोबॅसिलसचं तसं नाही. उकळत्या दुधाला कुणी विरजण लावत नाही, आणि तरंगतं खाद्य तर कारखान्यात शंभर अंशांच्या वर शिजून फुगतं. त्यामुळे असे नाजूक जिवाणू खाद्याला मागाहूनच लावावे लागतात. ताडपत्रीवर खाद्य पसरायचं, क्लोरीन नसलेल्या पाण्यात पावडर आणि बाइंडर (ती खाद्याला चिकटवणारा पदार्थ) कालवून शिंपडायचं, हातानं हलकं वरखाली करायचं, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी तळ्यात टाकायचं. एवढा खटाटोप करायचा तर डब्यात जिवंत काय आहे हे कळायला नको?

प्रोबायोटिक थोतांड आहे असं माझं म्हणणं नाही. चांगले जिवाणू आतड्यात जागा धरतात, एरोमोनाससारख्या रोगजंतूंना सहज पाय रोवू देत नाहीत, पचनालाही मदत करतात. पण गर्दी करून मासे भरलेत, पाणी हिरवंगार झालंय आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं काढताहेत, तर तिथे डबा नाही, पाण्यात हवा मिसळणारा एरेटर लागतो. हे दुकानात कुणी सांगत नाही. उलट प्रोबायोटिकबरोबर अँटिबायोटिकची पुडीही हातात ठेवतात. एक जिवाणू वाढवायला, दुसरी तेच मारायला, आणि पैसे दोन्हींचे!

कोळंबीवाल्यांसाठी 2005 च्या कायद्यानं कोस्टल ॲक्वाकल्चर अथॉरिटी (किनारी मत्स्यशेतीचं प्राधिकरण) आहे, ती तलावात वापरायच्या निविष्ठांवर लक्ष ठेवते. गोड्या पाण्यातली मत्स्यशेती त्या कायद्यात येत नाही. मग आमच्या डब्यांकडे कोण बघणार?

मत्स्यव्यवसाय विभागानं डब्यावर जिवाणूचं पूर्ण नाव, प्रतिग्रॅम जिवंत संख्या, वापराची मुदत आणि साठवणीचं तापमान मराठीत छापणं सक्तीचं करून घ्यावं. दुकानांतून नमुने उचलावेत. तपासायला फार लांब जायला नको, केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था मुंबईत वर्सोव्यालाच आहे. आणि पावतीवर बॅच नंबर आलाच पाहिजे. सध्या आम्हाला ‘फिश मेडिसिन’ एवढंच लिहून मिळतं, तेही मागितलं तर.

आपला,
एक मत्स्यशेतकरी,
ता. इंदापूर, जि. पुणे