आई, तुझ्या कढीपत्त्याबद्दल

बडोदे,
चैत्र शुद्ध द्वादशी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. दादा फोन स्पीकरवर टाकतो, बाबांना त्यातलं निम्मं ऐकू येत नाही, आणि मध्येच कुकरच्या शिट्ट्या होतात. त्या गोंधळात कबुलीजबाब कसा द्यायचा? म्हणून पत्र.

तर आई, सरळच सांगते. गच्चीवरचा तुझा कढीपत्ता बोडका झालाय. मेलेला नाही, पण नुसत्या काड्या उरल्यात. शेजारच्या काकू दोनदा वाटी घेऊन आल्या, दोन्ही वेळा त्यांना खंडेराव मार्केटची वाट दाखवली. पुण्याला जाताना तू मला तीनच गोष्टी बजावल्या होत्यास : देवाला दिवा, टाकीचा वॉल्व्ह आणि कढीपत्ता. पहिल्या दोन नीट चालू आहेत. तिसऱ्याला कीड लागली. खरं म्हणजे कीड त्याला लागली नाही, मीच त्याला किडीच्या तोंडी दिलं.

महाशिवरात्रीच्या आसपासची गोष्ट. मी शिकवते त्या शाळेच्या अंगणात लिंबाचं एक खुरटं झाड आहे. त्याच्या कोवळ्या पानावर सिनियर केजीतल्या एका मुलाला मोहरीपेक्षा लहान, पिवळसर मणी दिसला. दोन-तीन दिवसांनी मणी गेला आणि तिथे चिमणीच्या शिटेसारखं काहीतरी दिसू लागलं. मुलं म्हणाली, "शी!" मग ती शी चालायला लागली. लिंबाच्या फुलपाखराची अळी लहानपणी अशीच दिसते, काळपट-तपकिरी आणि वर पांढरा पट्टा, म्हणजे पक्ष्याला वाटावं की हे आपलंच उरलेलं आहे. त्या दिवशी वर्गात चित्रकलेचा तास होता, तो तिथेच बुडाला. अशा सहा अळ्या सापडल्या.

त्याच आठवड्यात माळीकाकांनी झाडावर औषध फवारलं. बिचाऱ्यांनी आपलं काम केलं. नशिबाने मी चार अळ्या आधीच पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवल्या होत्या, वर मलमलचं फडकं बांधून. पण आता त्यांना खायला काय घालायचं? फवारलेली पानं चालणार नाहीत, बाजारातल्या पानांचाही भरवसा नाही. रात्री गच्चीवर गेले आणि तुझ्या तेलाच्या डब्यातल्या झाडासमोर उभी राहिले. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, हे तुझं वाक्य ऐकू आलं. तरी लावला. दोन डहाळ्याच नेईन म्हणाले होते. पण अळी किती खाते ते तुला माहीत नाही. मलाही नव्हतं. शेवटच्या चार दिवसांत तर रोज सकाळी एक अख्खी डहाळी लागायची आणि खोक्यात कान लावला की कुरतडल्याचा आवाज यायचा. मुलं त्यासाठी रांग लावायची.

आता मुख्य गोष्ट, आणि ही बाबांसाठीही आहे.

आमच्या वर्गात मराठी, गुजराती, हिंदी सगळं एका ताटात असतं. कढीपत्त्याला गुजरातीत मीठो लीमडो म्हणतात आणि कडुनिंबाला कडवो लीमडो, हे तुम्हाला मी काय सांगायचं. एका मुलीचा तर्क असा की दोघंही लीमडोच, तर अळीला कुठलाही चालेल. आणि कडवो लीमडो शाळेच्या फाटकाशीच आहे, मग बाईंनी रोज घरून पानं का आणायची? बिनतोड मुद्दा. मी "नाही गं, ती वेगळी झाडं" म्हणणारच होते, पण जीभ आवरली. एका ताटलीत चार कोपऱ्यांत चार पानं ठेवली : कढीपत्ता, कडुनिंब, कुणाच्या तरी घरच्या कुंडीतलं लिंबू आणि शिवरात्रीच्या पूजेतून उरलेला बेल. मधोमध अळी. ती आधी कढीपत्त्यावर चढली, दुसऱ्या दिवशी लिंबाचं पान खाल्लं, मग थोडं नाक मुरडत बेलही खाल्ला. कडुनिंबाचं पान दोन दिवस तसंच वाळत पडलं.

"कडू लागतं तिला," असं एकमताने ठरलं. पण एकाने शंका काढली : बेलाचं पानही काही गोड नसतं, मी चावून बघितलंय. मग वर्गभर पानं चुरडून वास घेणं सुरू झालं. आमच्याकडे एक मुलगा आहे, जूनपासून त्याने वर्गात दहा वाक्यंसुद्धा बोललेली नसतील. तो खिडकीपाशी उभा राहून पान उन्हासमोर धरत होता. एकदम म्हणाला, "आमां काणां छे." ह्यात भोकं आहेत.

मला वाटलं किडीची भोकं. जाऊन पाहिलं तर अख्ख्या पानात सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके. लिंबाच्या पानात, कढीपत्त्यात, बेलातही. कडुनिंबात नाहीत. मी बाई असून मला हे ठाऊक नव्हतं. रात्री बाबांचं ते मुठीचं भिंग काढलं, पुस्तकं चाळली. ती भोकं नव्हेत, तेलाच्या इवल्या पिशव्या, ज्यातून तो वास येतो. लिंबू, बेल आणि कढीपत्ता एकाच कुळातले आणि ही त्या कुळाची खूण. कडुनिंबाचं कुळच निराळं. म्हणजे आपला मीठो लीमडो नावाने लीमडो आहे, जातीने लिंबू. माणसांनी नाव चुकवलं, पण फुलपाखरी अंडी घालताना चुकत नाही, ती पायांनी पान चाखून ओळखते. बाबा, तुम्ही इतकी वर्षं शंकराला बेल वाहिलात, कधी उन्हासमोर धरून पाहिलात का?

हे थोडं टोचून बोलले, मला कळतंय. पण आता विषय निघालाच आहे तर बोलून टाकते. मी सहा वर्षांची असताना तुम्हाला विचारलं होतं, चंद्र आपल्या रिक्षाबरोबर का धावतो. घरी आल्यावर तुम्ही शहाबादी फरशीवर खडूने पृथ्वी काढलीत, चंद्र काढलात, रेघा मारल्यात. पाऊण तास समजावलंत. सगळं बरोबर होतं. तुम्ही काढलेलं वर्तुळ किती गोल होतं ते मला अजून आठवतं. त्या रात्री मी चंद्राकडे मात्र परत पाहिलं नाही, पाहायचं काही उरलंच नव्हतं. आई, तुला काहीही विचारलं की तू म्हणायचीस, "मला काय ठाऊक? जाऊन बघ की. आणि येताना दोन पानं तोडून आण." मला तुझा राग यायचा. गच्चीवर मी किती वेळ बसायचे, मुंग्या, शिंपी पक्ष्याचं घरटं, टाकीतल्या डासांच्या वळवळणाऱ्या अळ्या बघत, ते तुला माहीतही नसेल.

आमच्या शिक्षकखोलीत बालशिक्षणवाल्या गिजुभाई बधेकांचा फोटो आहे. भावनगरला 1920 साली त्यांनी बालमंदिर सुरू केलं, आणि आपल्या ताराबाई मोडक तिथेच त्यांच्या जोडीला होत्या. लोक गिजुभाईंना "मूछाळी मा" म्हणायचे, मिशावाली आई. बाबा, तुम्हालाही मिशा आहेत. पुढचं मी लिहीत नाही.

(सयाजीरावांचं तुम्ही म्हणालच, म्हणून मीच म्हणते : 1893 ला अमरेलीत प्रयोग, 1906 ला सगळ्या राज्यात सक्तीचं शिक्षण. पाठ आहे.)

अळ्यांकडे वळते. त्या मोठ्या झाल्यावर हिरव्यागार झाल्या. काडीने डिवचलं की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर येतात आणि सडक्या फळासारखा आंबूस वास सुटतो. "ती वासाने ओरडते," हे एका मुलीचं शास्त्र. होळीच्या आत चारही जणी कोषात गेल्या, कमरेला रेशमाचा एकच धागा बांधून, खांबावर चढलेल्या वायरमनसारख्या. हिरव्या काडीवरचे तीन कोष हिरवे, पुठ्ठ्यावर चिकटलेला एक तपकिरी. त्याचा रंग कुणी बदलला यावर बराच वाद झाला. त्याच दिवसांत केसूड्याची, म्हणजे पळसाची, फुलं उकळून रंग केला, हळदीच्या कागदावर साबणाने लाल चित्रं काढली, मेथ्या पेरल्या. मेथ्या तर पाणी घालून घालून बुडवून मारल्या. रोज वीसेक जण पाणी घालणार, मग काय होणार?

धुळवडीनंतर आठवड्याभरात हिरव्या कोषांतून तीन फुलपाखरं निघाली, काळी-पिवळी. पहिलं माझ्यासमोर सकाळी पावणेआठला. सुरकुतलेल्या पंखांनी तासभर काडीला लटकलं, वर्ग श्वास रोखून. त्या दिवशी डबा खायची आठवण कुणालाच नव्हती.

तपकिरी कोष मात्र काळपट पडत गेला. एके दिवशी शाळेत लवकर पोचले तर त्याला टाचणीएवढं भोक, आणि फडक्याच्या आत चिलटांसारख्या पंचवीस-तीस बारीक गांधीलमाश्या. त्यांच्या आईने कोषात अंडी घातली होती आणि पिल्लांनी आतलं सगळं खाऊन टाकलं होतं. खरं सांगते, खोकं लपवावं असं वाटलं. तीन फुलपाखरांवर गोष्ट किती छान संपत होती. हातात घेतलंसुद्धा, कपाटापर्यंत गेले. मग परत टेबलावर ठेवलं.

एक मुलगी रडली. एकाने विचारलं, "आपण दार नीट लावलं नव्हतं का?" तो काणांवाला बराच वेळ भोकाकडे बघत होता, मग विचारतो, "ह्यांची आई कुठंय?" मला उत्तर येत नव्हतं. तसंच सांगितलं. त्यांनी मतदान घेतलं आणि गांधीलमाश्यांनाही लिंबाच्या झाडाजवळच सोडायचं ठरलं. एक मत विरोधात, रडणारीचं. दुसऱ्या दिवशी एका आईचा फोन, मुलांना असलं कशाला दाखवता, आणि अक्षरं कधी गिरवून घेणार? अक्षरांचं जूनमध्ये बघू म्हणाले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, पहिल्याचं टाळलं.

बाबा, आता तुमच्या आवडीचं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, विषुवदिनाला, अंगणात मीटरभर काठी उभी केली आणि सावलीच्या टोकाला खडूने खुणा करत गेलो. बाराला शाळा सुटली. एकाला न्यायला त्याचे आजोबा आले, म्हणाले, झालं, बारा वाजले, सूर्य माथ्यावर, हीच सगळ्यांत लहान सावली. नातू हलायला तयार नाही. म्हणतो, अजून लहान होतेय. सव्वाबाराला आजोबा खाली उकिडवे बसले. साडेबाराला त्यांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघितलं. पाऊण वाजता सावली थांबली आणि मग लांबायला लागली. मोजली तर मुलांच्या विती तीन, पट्टीने 41 सेंटीमीटर.

तुमचा हात आता पेन्सिलीकडे गेला असणार. देशभरचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, बडोदे तिथून सव्वानऊ अंश पश्चिमेला, अंशाला 4 मिनिटं, वर मार्चमध्ये सूर्य घड्याळाच्या मागे असतो ती सातेक मिनिटं. जुळतं. पण हे मी त्या आजोबांना सांगितलं नाही, नातवालाही नाही. ते दोघं दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गच्चीवर काठी लावणार होते.

तुम्हीही पुण्याच्या बाल्कनीत एक काठी लावा. गणित करून नाही, बघून कळवा. दादाच्या बाल्कनीत दुपारी ऊन येतं का, तेवढं आधी बघा. गुडघ्यांमुळे खाली बसू नका, खुर्ची घ्या.

आणि आई, कढीपत्त्याला गेल्या आठवड्यापासून पाच ठिकाणी तांबूस फुटवे आलेत. ताकाचं पाणी घालतेय, तू सांगितलं होतंस तसं. मे महिन्यात तू येशील तोवर फोडणीपुरता नक्की होईल. फक्त एक अडचण आहे. काल संध्याकाळी वरच्या कोवळ्या पानावर मला एक मणी दिसला, मोहरीपेक्षा लहान, पिवळसर. आज सकाळी बघितलं तर दोन आहेत.

काढू का ठेवू, ते लगेच कळव. दोन-तीन दिवसच आहेत.

तुमची,
धाकटी