खिडकीतून दिसल्या त्या पांढऱ्या गाड्या

एसेक्स, इंग्लंड
13 जुलै 2025

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

मी एकदम मजेत आहे. हे आधीच लिहिते, कारण मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर आईला माझ्यामागच्या खिडकीतून मैदानातल्या गाड्या दिसल्या आणि पुढचं सगळं बोलणं त्यातच गेलं. त्यात मामांनी चोर-दंगेखोरांची कुठली तरी बातमी पाठवून आगीत तेल ओतलं. फोनवर मी सांगायला लागले की आई मधेच "दाराला कडी आहे ना?" विचारते, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका.

आधी कडीचं. दाराला दोन कुलपं आहेत. घरात मी एकटी नसते, केरळची सिस्टर असते, आणि तिला झोपेतही मांजराची चाहूल लागते. रात्रपाळीहून येताना बस कोपऱ्यावरच सोडते. त्या गाड्यांतली माणसं इथे होती तेवढ्या दिवसांत मला कुणी वाकडा शब्द बोललेलं नाही. आणि आई, त्या गाड्या गुरुवारी गेल्यासुद्धा. ड्यूटी, जेवण, हवा तुम्हाला पाठ आहे, ते परत लिहीत नाही. एकादशीचा उपास केला, एवढं सांगते.

आता मामांच्या बातमीबद्दल. ते चोर नव्हते आणि दंगेखोरही नव्हते. त्यांना इथे ट्रॅव्हलर्स म्हणतात, म्हणजे पिढ्यान् पिढ्या फिरस्ती असलेले लोक. त्यांत काही आयरिश आहेत, काही रोमानी जिप्सी. या रोमानी लोकांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी आपल्याच देशाच्या वायव्येकडून निघाले, हे मामांना जरूर सांगा, त्यांना इतिहासाची आवड आहे. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर म्हणवणारे सुमारे 71 हजार निघाले. त्यांतले बहुतेक आता पक्क्या घरांत राहतात, पाचांतला साधारण एक कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात. उन्हाळा आला की कामासाठी, लग्नकार्यासाठी, जूनमध्ये उत्तरेला ॲपलबी गावी घोड्यांची मोठी जत्रा भरते तिच्यासाठी हे लोक रस्त्याला लागतात आणि वाटेत जिथे हिरवी मोकळी जागा दिसेल तिथे थांबतात. आमच्या मागचं मैदान कौन्सिलचं, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेचं. दिवसा तिथे पोरं फुटबॉल खेळतात, लोक कुत्री फिरवतात. मुक्काम मात्र करायचा नाही. तर एका सकाळी मी ड्यूटीवरून आले तेव्हा आठ-दहा कॅरव्हॅन गोलाकार उभ्या होत्या.

आता इथली एक रीत सांगते, जी माझ्या अजून पचनी पडलेली नाही. आपल्याकडे शिवेवर कुणी अनोळखी उतरलं तर काय होतं? कुणीतरी जातं, "कुठले पाहुणे? किती दिवस मुक्काम?" विचारतं, वेळ पडली तर आवाज चढवतं. इथे कुणी जात नाही. पडदा दोन बोटं बाजूला करून बघतात. फोटो काढतात. मग कौन्सिलला कळवतात, पोलिसांना कळवतात, नगरसेवकाला कळवतात. समोरची बाई तिच्या फाटकापासून पन्नास पावलांवरच्या कॅरव्हॅनची तक्रार ऑनलाइन फॉर्म भरून करते आणि तक्रार क्रमांक जपून ठेवते. मग कौन्सिलचा माणूस पिवळं जाकीट घालून येतो, प्रत्येक दारात जाऊन विचारतो, कुणी गरोदर आहे का, आजारी आहे का, मुलं शाळेत जातात का. ही चौकशी कौन्सिलला करावीच लागते, उगीच हाकलता येत नाही. त्यानंतर मैदानाच्या खांबाला प्लास्टिकमध्ये घातलेली नोटीस लागते. तिथून हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात जायचं. आणि गंमत म्हणजे अशी प्रकरणं इथे बऱ्याचदा 'अज्ञात इसम' यांच्याविरुद्ध चालतात. आदल्या दिवशी त्याच इसमांच्या बाळाला खोकला आहे का म्हणून विचारून गेलेले असतात! मी केरळच्या सिस्टरला म्हटलं, एकदा जाऊन बोलले असते तर निम्मं मिटलं असतं. ती म्हणाली, तू जा. मी काही गेले नाही.

पण त्यांच्यातली एक बाई आपणहून आली. बाई पन्नाशीची असेल. तिने फाटकाबाहेरूनच विचारलं, बागेतल्या नळावर पाणी भरू का? हातात स्टीलचं भांडं, आपल्या कळशीपेक्षा मोठं, आणि इतकं लख्ख घासलेलं की आई, तूसुद्धा नावं ठेवली नसतीस. मी भरू दिलं. (आमचं पाणी मीटरवर आहे, पण दोन भांड्यांनी बिल वाढत नाही, बाबा.) तिने नळाची तोटी आधी कपड्याने पुसली, मग भांडं लावलं. म्हणाली, भांडी घासायचं घमेलं वेगळं, कपड्यांचं वेगळं, हातपाय धुवायचं वेगळं. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. आणि जिथे जेवतो-झोपतो त्या गाडीत संडास वापरणं म्हणजे विटाळ. सरकारी तळावर म्हणून प्रत्येकाला आंघोळी-संडासाची वेगळी खोली बांधून देतात. मैदानावर ती कुठून असणार? मग झाडीत जातात. तिथे कुत्री फिरवणाऱ्या लोकांना जे दिसायचं ते दिसतं, आणि सगळी गल्ली त्यांना घाणेरडे म्हणते. ती बाई मात्र मला हळूच म्हणाली, तुम्ही लोक एकाच सिंकमध्ये हातही धुता आणि ताटंही! मला आपली आजी आठवली.

मी त्यांची बाजू घेतेय असं बाबांना वाटेल. गल्लीचंही चुकलं असं नाही. रात्री उशिरापर्यंत जनरेटर चालायचा, माझी दिवसाची झोप त्यांच्या पोरांच्या छोट्या मोटारसायकलींनी दोनदा घालवली. गवतात चाकांच्या खोल चाकोऱ्या पडल्यात. झाडांच्या कापलेल्या फांद्यांचा ढीग कुंपणाला टाकून गेले. झाडं छाटायची कामं घेतात, त्याचा कचरा. तो उचलायचा खर्च सगळ्यांच्या कौन्सिल टॅक्समधून जाणार, यावर लोक चिडणारच. पण त्या ढिगाशेजारचा जुना फ्रिज ते येण्याच्या आधीपासून तिथे पडलेला आहे. मी रोज बघत होते. आता तोही त्यांच्याच नावावर जमा झालाय.

शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात, त्यांना या कायद्याची कलमं तोंडपाठ. त्यांच्याकडून आणि थोडं लायब्ररीत बसून मला जे समजलं ते असं. 1968 साली कायदा झाला की कौन्सिलांनी या लोकांसाठी तळ बांधून द्यायचे. काहींनी बांधले, पुष्कळांनी टाळाटाळ केली. 1994 साली सरकारने ते बंधनच काढून टाकलं आणि वर हुसकवायचे अधिकार वाढवले. स्वतःची जागा घ्या म्हणाले. घेतली, तर बांधकामाची परवानगी मिळेना. इथे एसेक्समध्येच बॅसिल्डनजवळ डेल फार्म म्हणून ठिकाण आहे. तिथली जमीन ट्रॅव्हलर्सनी विकत घेतलेली, पण हरितपट्ट्यातली. परवानगी नाही म्हणून 2011 च्या ऑक्टोबरमध्ये पोलीस आणून सुमारे 80 कुटुंबं उठवली. आजोबा "डेल फार्म" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात लांबलेलं भांडण आणि खर्च असतो. त्या बाईने तेच नाव घेतलं तेव्हा ती बुलडोझरबद्दल बोलत होती.

2022 पासून तर आणखी कडक झालं. परवानगीशिवाय गाडी घेऊन मुक्काम केला, मोठं नुकसान किंवा त्रास झाला वा होईल असं दिसलं, आणि सांगूनही हलले नाहीत, तर तो गुन्हा. तीन महिन्यांपर्यंत कैद, अडीच हजार पौंडांपर्यंत दंड, आणि पोलीस गाडी जप्त करू शकतात. गाडी म्हणजे त्यांचं घर, बाबा. एकदा पोलिसांनी उठवलं की त्याच जागी परत यायची बंदी तीन महिन्यांची होती, ती बारा केली. गेल्या वर्षी मे महिन्यात हायकोर्टाने म्हटलं की ही बारा महिन्यांची बंदी मानवी हक्कांत बसत नाही, कारण थांबायला अधिकृत जागाच पुरेशा नाहीत. आजोबा यावर म्हणतात, कोर्टाच्या अंगणात उतरवा मग त्यांना. तेसुद्धा वाईट मनाचे नाहीत. माझ्या सायकलची चेन त्यांनीच बसवून दिली होती.

वाचताना मला आपल्या रानात बसणारे धनगर आठवत होते. दिवाळी झाली की कोकणात उतरायच्या आधी बाबा स्वतः त्यांना बोलवायचे, दोन रात्री मेंढ्या बसवा म्हणून, आणि वर ज्वारी द्यायचे. रानाला लेंड्यांचं खत हवं, म्हणून मान होता. गरज नव्हती त्या पारध्यांना मात्र गावाने टेकू दिलं नाही, तेही आठवलं. त्यांच्यासारख्या जमातींवर 1871 साली जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारणारा कायदा या इंग्रजांनीच केला होता, आणि आपण तो 1952 साली काढला तरी गावच्या तोंडातून तो गेला नाही. बाबा, तुम्ही शाळेत एका पारध्याच्या पोराला बसवून घेतलं म्हणून किती बोलणी खाल्लीत, मला सगळं ऐकू यायचं.

एक गोष्ट सांगायची राहिली. गाड्या आल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी समोरची बाई माझ्या दारात आली. दोन वर्षांत तिने माझ्याशी हवेपलीकडे बोलणं केलेलं नाही. हातात अर्ज, मैदानाभोवती खंदक खणा आणि फाटकावर उंच गाडी शिरणार नाही असा आडवा लोखंडी दांडा बसवा म्हणून. म्हणाली, "आपण इथले रहिवासी, आपणच एकत्र यायला हवं." आई, खरं सांगू? मला बरं वाटलं. इथे येऊन पहिल्यांदा कुणीतरी मला 'आपण'मध्ये धरलं. तिला चहा विचारला, ती बसलीही. आणि ती बोलत असताना मला कळत होतं की बाहेर गाड्या उभ्या आहेत म्हणून मी इथली झालेय. त्या गेल्या की मी पुन्हा कामासाठी आलेली परदेशी. सही केली का विचाराल. वाचून देते म्हटलं. अर्ज अजून माझ्याकडेच आहे, आणि ती रोज हात करते.

अर्जाची तशी गरजही उरलेली नाही. काल कौन्सिलने मातीचा लांबलचक बांध घातला, कडेला मोठे दगड टाकले, आणि माणसांसाठी इतकी अरुंद फट ठेवली की आजोबांची बॅटरीवरची गाडी आत जात नाही. त्यांनी लगेच तक्रार नोंदवली आहे, क्रमांकासकट.

आता पैशाचं. या महिन्याचे सोमवारी पाठवते. थोडे कमी असतील, कारण डिपॉझिटचे भरायचे होते, पण बँकेच्या हप्त्याला कमी पडणार नाहीत. विहिरीच्या मोटारीसाठी सोसायटीचं कर्ज काढू नका, ऑगस्टमध्ये मी जादा पाळ्या घेतल्यात. तब्येतीला झेपतं का असं विचारू नका, झेपतं. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे मोटारीच्या आधी.

आणि ते नाशिकचं स्थळ. पत्रिका पाहिली, मुलगा चांगला दिसतो, मी नाही म्हटलेलं नाही. पण 'मुलगी परत कधी येणार' याला मी काय उत्तर देऊ? पाच वर्षं झाली की कायम राहायला मिळतं असं धरून मी आले, आता सरकार ते दहावर न्यायचं म्हणतंय. त्यांना हेच असं सांगा, गोड करून सांगू नका. थांबायचं नसेल तर त्यांचं तरी काय चुकलं.

बाळ्याच्या साखरपुड्याला मला रजा मिळत नाही. मागितली होती, दोनदा. ऑगस्टमध्ये सगळ्यांनाच सुट्टी हवी असते आणि यादीत माझं नाव खाली आहे. त्याला मी अजून सांगितलेलं नाही, तुम्हीच सांगा, पण आधी जेवू द्या. वहिनीच्या साडीचे पैसे वेगळे पाठवते. पैठणीच घ्या, काकू म्हणतात तशी सेमी नको. माझ्या जागेवर औक्षणाला आत्याच्या मुलीला उभं करा, आणि त्या वेळी व्हिडिओ लावा. माझी रात्रपाळी असेल तरी मी जागी राहीन.

मामांना नमस्कार, आणि मला बातम्या पाठवा पण आईला पाठवू नका म्हणावं.

तुमची,
ताई

ता. क. बँकेतून कुणी फोन करून ओटीपी मागितला तर देऊ नका. बाबा, गेल्या वेळी तुम्ही अर्धा सांगून झाला होता.