आई पहिल्या पंगतीला

कोथरूड, पुणे
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सुहास,

भांडी आवरून झाली, घर झोपलं आणि मी स्वयंपाकघरातच हे लिहायला बसलोय. फोन करणार होतो, पण फोनवर मला हे नीट सांगता आलं नसतं. आज आम्ही घरी पिझ्झा केला.

ओवीचा हट्ट दिवाळीपासूनचा. पहिला प्रयत्न फसला होता. यीस्ट जुनं निघालं, कोमट पाण्यात घालून पंधरा मिनिटं झाली तरी त्याला फेस येईना, तरी मी ते तसंच मैद्यात घातलं. पीठ काही फुगलं नाही आणि पोरांनी ते चामट प्रकरण मुकाट्याने खाल्लं. मला फार वाईट वाटलं होतं. म्हणून या वेळी सगळं नीट समजून घेतलं. ५०० ग्रॅम मैद्याला ३२५ मिली पाणी, १० ग्रॅम मीठ आणि यीस्ट जेमतेम २ ग्रॅम. पीठ आदल्या रात्रीच भिजवून फ्रीजमध्ये ठेवायचं. गारव्यात ते सावकाश आंबतं आणि चव त्या वेळातच येते.

काल रात्री मी परात घेऊन मळत होतो. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “अरे, नुसतं कुरवाळतोयस काय? तिंब ते.” आणि बांगड्या कोपरापर्यंत सारून तिने परात ओढून घेतली. पुरणपोळीची कणीक तिंबते तशी ती त्या मैद्याला उचलून आपटत होती, ओढत होती, दुमडत होती. मध्येच बोटं पाण्यात बुडवायची. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, सुहास! हाताला चिकटणारा तो गोळा दहा-बारा मिनिटांत लोण्यासारखा झाला. मग तिने त्यातला लिंबाएवढा तुकडा तोडला आणि दोन्ही हातांच्या बोटांवर ताणत ताणत दिव्यासमोर धरला. पलीकडचा उजेड दिसत होता, पण पापुद्रा फाटला नाही. “झालं,” म्हणाली. जगभरचे पाववाले हीच परीक्षा घेतात, हे मी नंतर तिला सांगितलं. तिला त्याचं विशेष काही वाटलं नाही.

टोमॅटो मंडईतून आणले, ओवी-सोहमला बरोबर नेऊन. आपले टोमॅटो पाणचट आणि आंबट, त्यामुळे लसूण घालून रस चांगला आटवावा लागला. त्यात गुळाचा खडा आईचा. चीज मोझरेला. इटलीत, पिझ्झाच्या माहेरी नेपल्सकडे, ते म्हशीच्या दुधाचंही करतात, हे ऐकून आई एकदम खूश झाली. ताजं असल्यामुळे त्याला पाणी सुटत होतं, तर तिने ते चक्क्यासारखं फडक्यात बांधून नळाला टांगलं. आणि बाल्कनीतल्या कुंडीत रेवतीने कौतुकाने लावलेलं बेसिल हुंगून म्हणाली, “हा तर सब्जा!” अगदी खरं आहे. फालुद्यात घालतो ते बी याच झाडाचं.

खरी अडचण भट्टीची. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत ४३० अंशांच्या वर उष्णता असते, तिथे पिझ्झा दीड मिनिटाच्या आत तयार होतो. आपला ओव्हन २५० वर थांबतो. मग बिडाचा तवा आत पालथा घातला, पाऊण तास तापवला आणि रवा भुरभुरवलेल्या पोळपाटावरून पिझ्झा त्यावर सरकवला. उंडे आईनेच थापले होते, भाकरीसारखे, पण कड जाड ठेवून. आठ मिनिटांत कड फुगून वर आली, तिच्यावर काळे ठिपके पडले. घरभर जो वास सुटला, तो तुला पत्रात कसा पाठवू?

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

एका वेळी एकच पिझ्झा होतो. पहिला बाहेर आला तशी आई सवयीने म्हणाली, “तुम्ही बसा, मी गरम गरम वाढते.” तुला हे वाक्य आठवतं ना? नारायण पेठेतल्या त्या दोन खोल्या, तू सायकल लावून सरळ आत यायचास, आपण दोघं पाटावर आणि तव्यावरून पानात पडणारी फुगलेली पोळी. आपण हात धुऊन बाहेर पडलो की ती उरलेल्या दोन पोळ्या घेऊन बसायची. गार. आमटीही तळाची. मी ते रोज बघत होतो आणि त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. आज मात्र ते वाक्य ऐकलं आणि घशात आवंढा आला.

मी तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. पहिला तुकडा तिच्या ताटात. चीजची तार लांबली, तिने ती बोटाने गुंडाळून घेतली, फुंकर घातली आणि खाल्लं. आम्ही सगळे तिच्याकडे बघत उभे होतो. “कड छान झालीय,” म्हणाली. मग थोड्या वेळाने, “चटका बसला जिभेला. किती वर्षांनी बसला.”

तिसऱ्या पिझ्झाला ती पुन्हा उठायला लागली, तर ओवीने पदर धरला. “आजी, आता बाबांची पाळी.” बसली. चौथ्यावर तिच्या सांगण्यावरून कांदा आणि हिरवी मिरची घातली. रेवतीला तो सगळ्यात आवडला, मलाही.

पुढच्या महिन्यात तू येतोयस, तर काकूंनाही घेऊन ये. आपण दोघं ओव्हनपाशी उभे राहू, त्या दोघी बसतील. निघायच्या आदल्या दिवशी मात्र नक्की कळव. पीठ रात्रीच भिजवावं लागतं.

तुझा,
अविनाश