गर्दुल्ल्यांचं औषध म्हणे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला नॅलॉक्सोनवरचा, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांचा अतिडोस उतरवणाऱ्या इंजेक्शनवरचा, लेख वाचला. मथळा ‘गर्दुल्ल्यांना जीवदान’, आणि शेजारी पुलाखाली पडलेल्या पोराचं चित्र. आमच्या सासूबाई पुलाखाली कधी झोपल्या नाहीत. पाचपाखाडीतल्या भजनी मंडळात त्या पेटी वाजवायच्या. तरीही गेल्या जानेवारीत हेच ‘गर्दुल्ल्यांचं औषध’ त्यांना लागलं.

कॅन्सर हाडांत गेला होता. दुखणं थांबावं म्हणून पाठीवर फेंटानिलची, म्हणजे अफूच्याच जातीच्या जालीम वेदनाशामकाची, पट्टी लावायचो, दर तीन दिवसांनी नवी. त्या रात्री त्या कण्हत होत्या म्हणून मी गरम पाण्याची पिशवी पाठीशी ठेवली. मीच ठेवली. उष्णतेने पट्टीतलं औषध अंगात भराभर उतरतं, हे पट्टीबरोबरच्या कागदावर मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं. ते मी वाचलं तिसऱ्या दिवशी.

अकराच्या सुमारास हाक मारली तर ओ नाही. ओठ निळसर पडलेले, आणि श्वास इतका सावकाश की पुढचा येतो की नाही म्हणून आम्ही छातीकडे बघत उभे. जवळच्या नर्सिंग होमला नेलं. ड्यूटीवरच्या पोरसवदा डॉक्टरने पापणी उघडली, टाचणीच्या टोकाएवढी बाहुली पाहिली आणि ताबडतोब ओळखलं. मास्क लावून फुगा दाबत श्वास चालू ठेवला. पट्टी उपटून काढली. पण इंजेक्शन? स्टॉकमध्ये नाही. चिठ्ठी यांच्या हातात दिली, “काका, पळा.”

पहिलं मेडिकल बंद. दुसऱ्याने चिठ्ठी वाचून यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, “नशेचं आम्ही ठेवत नाही.” ६९ वर्षांचा, स्वेटर-कानटोपीतला माणूस! अहो, नॅलॉक्सोनने नशा चढत नाही, उतरते. अफूच्या जातीचं काही अंगात नसेल, तर त्याचा काही परिणामही होत नाही. तिसऱ्या दुकानात दोन अँप्युल मिळाल्या. दोनच होत्या.

सुई दिल्यावर दोन-तीन मिनिटांत सासूबाईंनी डोळे उघडले आणि पाठ दुखते म्हणून आम्हा सगळ्यांचा उद्धार केला. पट्टीच्या औषधाचा असर उतरला की दुखणंही परत येतं. इतक्या शिव्या मी आनंदाने कधी ऐकल्या नव्हत्या. पाऊण तासाने पुन्हा ग्लानी. सुईचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, पट्टी काढली तरी कातडीत मुरलेलं औषध मात्र तासन्‌तास रक्तात उतरत राहतं. दुसरी अँप्युल तेव्हा गेली. तिसरी लागली असती तर? पहाटे मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, तिथे ठिबकातून देत राहिले.

आपल्या लेखकाला ‘असं औषध हाताशी ठेवलं तर व्यसनाला धीर येईल’ अशी चिंता आहे. चिंता छान आहे! हे औषध काही काल निघालेलं नाही, अमेरिकेत १९७१ पासून आहे. तिथे २०२३ पासून त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय मिळतो. ओव्हरडोस ज्यांच्यासमोर होऊ शकतो त्या घरच्यांच्या हाती हे द्या, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं. आपल्या सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही नॅलॉक्सोन आहे. नर्सिंग होमच्या कपाटात तेवढं नाही. पट्टी लिहून देणाऱ्याने सोबत दोन अँप्युल का लिहू नयेत, आणि ‘शेक देऊ नका’ एवढं तोंडाने का सांगू नये? खारघरच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला ठाण्यातून जाणारी कितीतरी कुटुंबं आहेत. ती गर्दुल्ली नाहीत. आणि समजा असली, तर त्यांचा श्वास काय कमी किमतीचा?

सासूबाई त्यानंतर सात महिने होत्या. श्रावणात गेल्या. त्यांच्या निधनवार्तेत आपण आडनाव चुकीचं छापलंत. दोनदा फोन केला, ‘दुरुस्ती टाकतो’ म्हणालात. अजून टाकताच आहात.

आपली,
एक जुनी वाचक, ठाणे (प.)