पाठीवरचं बाळ आणि भाजीतलं मीठ

लिलाँग्वे, मलावी
12 ऑक्टोबर

प्रिय सुनंदा,

पत्र मिळालं. जानेवारीत डेडझा जिल्ह्याकडच्या चेवा जमातीच्या गावांत राहणार आहेस आणि विचारतेस, तिथल्या बाईला आईपण म्हणजे काय. अगं, आधी जमिनीचं समजून घे, मग बाकीचं आपोआप कळेल.

चेवांचा वंश आईकडून चालतो. शेत आईकडून लेकीकडे जातं आणि जुन्या रीतीत नवराच बायकोच्या गावी येऊन राहतो. परक्याचं धन कुणाला म्हणायचंच तर जावयाला! बहिणी-बहिणी आणि त्यांची मुलं मिळून जो गोतावळा होतो त्याला 'म्बुम्बा' म्हणतात. त्यावर मामाची नजर असते, लग्नं जुळवणं-मोडणं त्याच्या हाती. मुलग्याची मुलं त्याच्या बायकोच्या म्बुम्बात मोजली जातात, त्यामुळे मुलगी झाली म्हणून कुणी तोंड पाडत नाही. आईची थोरली बहीण 'थोरली आई', धाकटी ती 'धाकटी आई'. माय मरो मावशी जगो, हे तिथे नुसतं म्हणण्यापुरतं नाही.

गरोदर बाईला म्हणतात 'अली न्दी पकाती'. 'पकाती' म्हणजे मधोमध. पहिल्या खेपेला 'चिसांबा' करतात, त्यात जाणत्या बायका तिला काय पाळायचं ते शिकवतात. पाळणुकीतलं सगळ्यात ठळक म्हणजे मीठ. पाळीतली बाई भाजीत मीठ घालत नाही, लहान पोरीला घालायला सांगते. हे मोडलं तर 'म्दुलो' नावाचं दुखणं येतं असा समज आहे. मिठापायी कुणाचं काही बिघडत नाही, पण याच विचाराची दुसरी बाजू जीवघेणी आहे. कळा लांबल्या की नवऱ्यानं किंवा बायकोनं बाहेर काही केलं असणार अशी शंका घेतात. कबुलीजबाब होईपर्यंत तास जातात आणि बाळ आडवं असेल तर तेवढ्यात खेळ संपतो. तेव्हा कुणी 'तिला बोलतं करतोय' म्हणालं, तर आधी गाडीचं बघ.

सुईणीला 'अझाम्बा' म्हणतात. 2007 साली सरकारनं त्यांना बाळंतपण करायला मनाई केली, पुढे धोरण डगमगलं. तरी 2015-16 च्या पाहणीत 91 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आढळली. दवाखाना लांब, म्हणून दिवस भरत आले की बाई तिथल्या प्रतीक्षागृहात येऊन राहते. सोबत आई किंवा बहीण असते, चुलीवर न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, शिजवायला. सामान स्वतःचं न्यायचं: बाजेवर अंथरायला काळं प्लॅस्टिक, नवं ब्लेड, दोरा, घमेलं, मेणबत्ती आणि दोन-तीन चितेंजे. हे जमलं नाही की बाई लाजेनं घरीच राहते. त्यामुळे 'दवाखान्यात का गेली नाहीस' असं विचारण्याआधी 'प्लॅस्टिक आहे का' हे विचार.

चितेंजे म्हणजे साधारण दोन मीटरचं छापील सुती कापड. ते बांधायला शीक. कमरेत वाक, पाठ सपाट ठेव, बाळ बगलेखालून सरकवून पाठीवर पालथं घे, पाय तुझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. कापड त्याच्या मानेपासून ढुंगणाखालपर्यंत पसर. एक पदर खांद्यावरून, दुसरा काखेखालून आणून छातीवर गाठ मार, मगच ताठ हो. खालची कड ढुंगणाखाली खोचली नाही तर बाळ घसरतं, आणि नवख्या हातांची हीच चूक होते. मान धरायच्या आधी पाठीवर घेऊ नये. कमी वजनाच्या बाळाला नुसतं लंगोट-टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवतात, मान एका बाजूला, पाय बेडकासारखे, वरून हेच कापड घट्ट. झोंबाच्या रुग्णालयात ही कांगारू पद्धत 1999 मध्ये सुरू झाली.

बाळाला सहा महिन्यांनंतर 'लिकुनी फाला' नावाची पेज देतात. चार वाट्या मका, एक वाटी सोयाबीन. सोयाबीन उकळत्या पाण्यात वीसेक मिनिटं शिजवायचं, चोळून टरफलं काढायची, वाळवायचं, भाजायचं आणि मक्याबरोबर दळायचं. घाईत कच्चंच दळलं तर त्यातली प्रथिनं अंगी लागत नाहीत आणि पोट बिघडतं. तू जातेस तो काळ कठीण, नवा मका यायला अजून दोन-तीन महिने. अशा दिवसांत सोयाबीन विकलं जातं आणि पोराच्या वाट्याला मक्याचं पातळ पेज येतं. पोट भरल्यासारखं दिसतं, वजन मात्र हलत नाही. तेव्हा वजनाच्या नोंदीत सपाट रेघ दिसली की आईला उपदेश करत बसू नकोस, घरात काय शिल्लक आहे ते बघ. दाणे असतील तर कूट करून मूठभर त्यात घालायला सांग.

आणि हो, तिथे कुणाच्या चुलीशी बसलीस तर भाजीत मीठ आपण होऊन घालू नकोस.

तुझी,
माधुरी